चार शॉक मागितले, दोनच बदलले: एका साइड-बाय-साइड वाहनाचे प्रकरण

चार आसनी साइड-बाय-साइड, म्हणजे आसने शेजारी-शेजारी असलेल्या आणि खडकाळ वाटांवर चालणाऱ्या वाहनाचा मालक आमच्या कार्यशाळेत आला, तेव्हा त्याचा निर्णय आधीच झालेला होता. चारही चाकांचे शॉक (धक्के आणि उसळी आवरणारी तेलाची नळकांडी) काढून त्यांच्या जागी अडीच इंच व्यासाचे, बाहेर रिझर्व्हॉयर (तेल आणि वायूची जोडटाकी) असलेले नवे शॉक बसवून हवेत, एवढीच त्याची मागणी होती. तक्रार तीन भागांत होती. चौघे बसले की गाडी मागून बसते आणि खडकाळ वाटेवर वारंवार आपटते; अर्ध्या तासाच्या वेगवान चालीनंतर मागची बाजू सैल होऊन डोलू लागते; आणि एकटा चालक असेल तर नेमके उलटे घडते, म्हणजे छोट्याशा उंचवट्यावरही मागची चाके लाथ मारल्यासारखी उसळतात. या तिसऱ्या लक्षणामुळे आम्ही थांबलो. शॉक नुसते कमजोर असते, तर गाडी रिकामी असताना कडक लागण्याचे काही कारण नव्हते.

या प्रकरणात वाहनाचा आणि शॉकचा उत्पादक कोण होता, याला महत्त्व नाही. येथे दिलेली मोजमापे त्या एका गाडीची असून ती गोल केलेली आहेत. दुसऱ्या गाडीला ती जशीच्या तशी लागू पडणार नाहीत, पण हिशेबाची रीत तीच राहील.

गाडी विकत घेतली तेव्हा मालकाचे काही गाऱ्हाणे नव्हते. नंतर दीड वर्षात तिच्यावर छत, पुढची काच, पुढचा पोलादी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी), मागे आडवे बसवलेले जादा चाक, अवजारांची पेटी आणि २० लिटर इंधनाचा डबा अशी भर पडत गेली. प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या वेळी बसवली गेली आणि त्यातली एकही एकेकटी फार जड नव्हती. मागची बाजू खाली बसू लागली, तेव्हा मालकाने शॉकवरची प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) फिरवून स्प्रिंग दाबली. गाडी उचलली गेली. काही दिवसांनी पुन्हा थोडी भर पडली आणि पुन्हा रिंग फिरवली गेली. आमच्याकडे गाडी आली तेव्हा मागच्या दोन्ही रिंगा कारखान्यातल्या जागेपेक्षा सुमारे ३ इंच खाली होत्या आणि पुढे फिरवायला आटे उरले नव्हते.

हे असे का होते, याला या वाहनांच्या वाढीचा थोडा इतिहास आहे. २००८ च्या पहिल्या पोलारिस आरझेडआर या साइड-बाय-साइडमध्ये चाकांची वरखाली हालचाल पुढे सुमारे ९ इंच आणि मागे साडेनऊ इंच होती. २०१४ च्या आरझेडआर एक्सपी १००० मध्ये ती पुढे १६ आणि मागे १८ इंचांवर गेली. चाकाला इतका लांब प्रवास द्यायचा, तर त्या प्रवासाचा उपयोग होण्याइतकी स्प्रिंग मऊ ठेवावी लागते. मऊ स्प्रिंग मात्र वाढलेल्या प्रत्येक किलोला जास्त दबते. म्हणून लांब प्रवासाची गाडी रिकामी असताना जितकी सुखद असते, तितकीच ती भाराच्या बाबतीत हळवी असते. आमच्या समोरच्या गाडीत मागच्या चाकाचा एकूण प्रवास ४५७ मिमी, म्हणजे १८ इंच होता.

तपासणी

पहिल्या दिवशी आम्ही शॉकला हातच लावला नाही. शॉकचा दोष म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात झिजलेल्या बुशच्या (सांध्यातल्या अस्तराच्या), सैल बॉल जॉइंटच्या किंवा चुकीच्या टायर दाबाच्या असतात. गाडी जॅकवर घेऊन चारही चाके हलवून पाहिली. मागच्या डाव्या बाजूच्या रेडियस रॉडच्या (चाकाला आडवे धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) टोकाला स्पष्ट खुळखुळा होता, तो भाग बदलला. बाकी सांधे ठीक होते. टायर मूळ मापाचेच होते, पण चारही चाकांत हवेचा दाब वेगवेगळा होता. तो उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे सारखा केला आणि पुढच्या सर्व चाचण्यांत प्रत्येक वेळी थंड टायरवर तपासला.

मग शॉक. मागच्या दोन्ही मूळ शॉकचे नळकांडे २ इंची होते. मागच्या चाकांनी उडवलेल्या खड्यांमुळे दांड्यावरच्या क्रोमला बारीक टवके पडले होते आणि उजव्या शॉकच्या सीलभोवती तेलाचा ओलसर पट्टा होता. स्प्रिंगच्या वेटोळ्यांवरचा रंग मोजक्या ठिकाणी खरवडला गेला होता, कारण वेटोळी एकमेकांवर टेकत होती. मालक ज्याला शॉक आपटणे म्हणत होता, त्यातले काही आवाज शॉकच्या तळाचे नसून मिटलेल्या स्प्रिंगचे होते. पुढचे शॉक मात्र चांगल्या अवस्थेत होते. दांडे गुळगुळीत होते, गळती नव्हती, फक्त आतले तेल एकदाही बदललेले नव्हते.

१२ किलोमीटरच्या ठरावीक फेरीनंतर, दोघे बसलेले असताना, इन्फ्रारेड तापमापकाने शॉकच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान घेतले. मागच्या शॉकवर ९६ अंश सेल्सिअस होते आणि पुढच्यांवर ६१. बाहेरून घेतलेले तापमान आतल्या तेलाचे नेमके तापमान सांगत नाही, पण एकाच फेरीत पुढे-मागे एवढा फरक पडतो, तेव्हा काम कोण करते आहे हे कळते. अर्ध्या तासाने मागची बाजू सैल होण्याचे कारण इथे दिसत होते. शॉक हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलतो, तेल तापले की पातळ होते आणि तीच झडप कमी विरोध करू लागते.

वजन

गाडी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून तोलली. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेकजण ते टाळतात, पण स्प्रिंगचा प्रत्येक निर्णय याच कागदावर उभा राहतो. पूर्ण इंधन आणि सर्व जोडलेले सामान धरून, माणसे नसताना, पुढच्या धुरीवर ३७५ किलो आणि मागच्या धुरीवर ५२० किलो भार होता. दोघे पुढे बसल्यावर मागचा भार ५९२ किलो झाला, चौघे बसल्यावर ७२०. माणसे सरासरी ८० किलोची होती.

वाढीव सामानामुळे मागच्या धुरीवर सुमारे ८० किलो आणि पुढच्या धुरीवर ३५ किलो भर पडली होती. मालकाचा यावर विश्वास बसेना, कारण त्याच्या अंदाजाने मागे ७० किलोसुद्धा भरत नव्हते. फरकाचे एक कारण जादा चाकाच्या जागेत होते. ते चाक २४ किलोचे, पण मागच्या धुरीच्याही अर्धा मीटर मागे टांगलेले होते. धुरींमधले अंतर २.९७ मीटर असल्याने तरफेच्या नियमाने त्याचा मागच्या धुरीवर २८ किलो भार येतो आणि पुढच्या धुरीवरून ४ किलो उचलला जातो. पुढच्या विंचचेही असेच, फक्त दिशा उलटी.

तोललेल्या आकड्यांतून आणखी एक अप्रिय गोष्ट निघाली. सामानाचे ११५ किलो आणि चार माणसांचे ३२० किलो मिळून ४३५ किलो होत होते, आणि गाडीच्या पाटीवर लिहिलेली भारक्षमता ४०८ किलो होती. कडक स्प्रिंग बसवली की गाडी बसत नाही, पण ब्रेक, बेअरिंग, धुऱ्या आणि सांधे यांची ताकद त्यामुळे एका किलोनेही वाढत नाही. म्हणून चौघे जाणार असतील तेव्हा इंधनाचा डबा आणि पेटीतली जड अवजारे, मिळून २९ किलो, मागे ठेवण्याची अट आम्ही काम घेण्याआधीच घातली. मालकाने ती फारशा उत्साहाने नाही, पण मान्य केली.

स्प्रिंगचा हिशेब

मागच्या बाजूला शॉक ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे पुढच्या टोकाला सांध्याने जोडलेल्या आणि मागे चाक धरणाऱ्या लांब भुजेवर बसलेला असतो आणि चाक त्याच्यापेक्षा सांध्यापासून जास्त अंतरावर असते. त्यामुळे चाक १० मिमी उचलले गेले की शॉक फक्त ६ मिमी दाबला जात होता. हे गुणोत्तर ०.६. संपूर्ण प्रवासात ते थोडे बदलते, पण हिशेबासाठी एकच धरले. याचे दोन परिणाम होतात. चाकावरचा भार ०.६ ने भागला की शॉकवरचा भार मिळतो, म्हणजे तो वाढतो. आणि चाकाच्या ४५७ मिमी प्रवासासाठी शॉकचा प्रवास २७४ मिमी, म्हणजे १०.८ इंच लागतो.

मागच्या एका चाकावर, माणसे नसताना, २६० किलो येत होते. त्यातले सुमारे ४० किलो हे चाक, टायर, हब, ब्रेक आणि अर्धा आर्म यांचे, जे स्प्रिंगच्या खाली असते आणि स्प्रिंगवर पडत नाही. उरले २२० किलो, ०.६ ने भागून ३६७ किलो, म्हणजे सुमारे ८०८ पाउंड. स्प्रिंगचे माप बाजारात पाउंड प्रति इंच असेच चालते, म्हणून इथून पुढे तेच एकक ठेवले आहे.

मूळ शॉकवर एकावर एक दोन स्प्रिंगा होत्या: वर २०० ची मऊ, जिला टेंडर म्हणतात ती, आणि खाली ३०० ची मुख्य. अशा एकापुढे एक ठेवलेल्या स्प्रिंगा मिळून दोन्हींपेक्षा मऊ वागतात. गुणाकाराला बेरजेने भागले की एकत्रित माप निघते, आणि ते इथे १२० होते. प्रीलोड आणि शॉकमध्ये दाबाने भरलेल्या नायट्रोजन वायूचा दांड्यावरचा दाब मिळून ३ इंच स्प्रिंग दाबल्याइतके धरले. नायट्रोजनचा भाग क्षुल्लक नसतो: २०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब सात-अष्टमांश इंची दांड्याला सुमारे १२० पाउंडांनी बाहेर ढकलतो.

आता रिंगा कारखान्यातल्या जागी परत आणून हिशेब मांडला. नवी गाडी, सामान नसताना, शॉकवर ६६१ पाउंड येत असत. म्हणजे स्प्रिंग ५.५ इंच दबणार, त्यातले ३ इंच आधीच दाबलेले, म्हणून गाडी २.५ इंच बसणार. एकूण प्रवासाच्या २३ टक्के. सामानासह ती ३.७ इंच, म्हणजे ३४ टक्के बसते. दोघे बसल्यावर ४५ टक्के. चौघे बसल्यावर ६.८ इंच, म्हणजे ६३ टक्के. प्रत्यक्ष मोजले तेव्हा हा शेवटचा आकडा ६० निघाला, कारण तिथे क्रॉसओव्हर रिंग (टेंडर स्प्रिंगचे दबणे थांबवणारी कडी) टेकून टेंडर स्प्रिंग हिशेबातून बाद होत होती. थोडक्यात, गाडी जागची हलण्याआधीच धक्का झेलण्याच्या प्रवासातले तीन-पंचमांश संपलेले होते. कितीही महागडा शॉक असला, तरी उरलेल्या प्रवासात तो काय करणार?

मालकाने केलेल्या उपायाची झाडाझडतीही याच हिशेबाने झाली. प्रीलोडची रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. १२० ची स्प्रिंग १२० चीच राहते, फक्त ती कुठून सुरू होते ते बदलते. ३ इंच जादा प्रीलोडने चौघांची गाडी ३५ टक्क्यांवर आली, ही जमेची बाजू. पण एकटा चालक असताना शॉकवर ८७४ पाउंड येतात, स्प्रिंग ७.३ इंच दबते, त्यातले ६ इंच आधीच गेलेले. गाडी बसते फक्त १.३ इंच, म्हणजे १२ टक्के. खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जेमतेम ५५ मिमी जागा राहते. ती संपली की शॉक पूर्ण ताणून अडतो, चाक हवेत लटकते आणि गाडीचा मागचा भाग खेचला जातो. एकट्याने चालवताना बसणारी लाथ ती हीच. शिवाय स्प्रिंगला मिटायला ३ इंच कमी राहिल्याने वेटोळी टेकत होती. एकच चूक तक्रारीच्या दोन टोकांना कारण होती, आणि तिसऱ्या टोकाला तापलेले तेल.

नव्या स्प्रिंगा निवडताना कोणत्या भाराला आदर्श धरायचे, हा खरा प्रश्न होता. मालकाला विचारले तर तो चौघांचे म्हणत होता. त्याच्या फेऱ्यांची नोंद पाहिली तर चारपैकी तीन वेळा गाडीत दोघेच असत. आम्ही दोघांचा भार धरला आणि त्या भाराला ३० टक्क्यांच्या आसपास बसणारी जोडी शोधली. वर ३०० आणि खाली ४५०, मिळून १८०, आणि प्रीलोड दाबासह २ इंच. दोघांना ९४१ पाउंडांवर गाडी ३.२ इंच, म्हणजे ३० टक्के बसते. एकट्याला २६ टक्के. चौघांना, सर्व सामानासह, ४२ टक्के. भार कितीही बदलला तरी गाडी २६ ते ४२ च्या पट्ट्यात राहते, हे आम्हाला एका नेमक्या आदर्श आकड्यापेक्षा जास्त मोलाचे वाटले.

नवे शॉक कुठे आणि का

इथपर्यंत आल्यावर मूळ मागणीकडे परत जाता आले. स्प्रिंग बदलली की जुना शॉक चालेल का? पुढे चालणार होता. पुढची बाजू दोघांसह ३३ टक्के बसत होती. तिथे फक्त टेंडर स्प्रिंग एक पायरी कडक केली, शॉक उघडून तेल आणि सील बदलले, रिबाउंडच्या, म्हणजे शॉक परत उघडतानाच्या विरोधाच्या, शिमचा (झडपेवरच्या पातळ चकत्यांचा) थर थोडा वाढवला आणि नायट्रोजन पुन्हा भरला. चाळीस अंशांच्या आसपासच्या हवेत ६१ अंशांवर राहणारा, दांडा निर्मळ असलेला शॉक फेकून देण्याचे कारण आम्हाला सापडले नाही.

मागे परिस्थिती वेगळी होती. टवके पडलेला दांडा नवे सीलही काही फेऱ्यांत कापून काढतो. दुसरे म्हणजे डॅम्पिंगची, म्हणजे उसळी आवरणाऱ्या विरोधाची, गरज वाढली होती. उसळी कशी आवरली जाते हे भार आणि स्प्रिंग यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते. स्प्रिंग दीडपट झाली आणि दोघांसह स्प्रिंगवरचा भार २१६ किलोवरून २५६ वर गेला, म्हणजे पूर्वीइतकाच आवर हवा असेल तर विरोध सुमारे एक-तृतीयांशाने वाढवावा लागणार होता. मूळ शॉकला तेवढे नवे शिम घालून तो वाढवता आला असता, पण आधीच ९६ अंशांवर पोहोचणाऱ्या २ इंची नळकांड्यात आणखी काम कोंबणे आम्हाला पटले नाही.

अडीच इंची नळकांड्याचा फायदा अनेकजण नुसता जाडीत मोजतात. खरा फायदा पिस्टनच्या क्षेत्रफळात आहे. २ ऐवजी २.५ इंच म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे जास्त. दांडा तेवढ्याच वेगाने आत गेला तरी झडपांतून जास्त तेल ढकलले जाते, म्हणून तोच विरोध कमी दाबात मिळतो. वर तेलाचा साठा मोठा, उष्णता सोडणारा पृष्ठभाग मोठा. बाहेरच्या रिझर्व्हॉयरमध्ये तरंगता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो, त्यामुळे जोरदार हालचालीत तेलाला फेस येत नाही. नायट्रोजनऐवजी साधी दाबलेली हवा भरण्याचा मोह काहींना होतो. हवेत बाष्प असते, ते आत गंजाला आणि तापमानाबरोबर दाबाच्या चढउताराला निमंत्रण देते.

तेव्हा मागे दोन नवे शॉक आणि पुढे दुरुस्ती, असा आमचा सल्ला होता. मालकाला चार नवे हवे होते आणि दोनच घ्यायला सांगणारा दुकानदार त्याला नवीनच वाटला असावा. त्याने आठवडाभर विचार केला.

बसवणी

नवे शॉक याच गाडीसाठी म्हणून आलेले होते, तरी आम्ही ते आधी स्प्रिंगशिवाय बसवून पाहिले आणि चाक जॅकने पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत हळूहळू फिरवले. ही तासाभराची कसरत दोन ठिकाणी उपयोगी पडली. एक, पूर्ण ताणलेल्या अवस्थेत नवा शॉक मूळपेक्षा १२ मिमी लांब होता, त्यामुळे चाकाला फिरवणाऱ्या अर्धधुरीचा सांधा नको तितका वाकत होता आणि त्याचे रबरी आवरण ताणले जात होते. शॉक उघडून आत स्पेसर घातला आणि लांबी मूळ शॉकइतकी केली. लांब शॉकने जास्त प्रवास मिळतो हा समज इथे महागात पडतो. प्रवास आर्म आणि सांधे ठरवतात, शॉकने त्यांच्या मर्यादेत राहायचे असते. दोन, पूर्ण वरच्या स्थितीत डाव्या रिझर्व्हॉयरची नळी ट्रेलिंग आर्मला घासत होती. तिचा क्लॅम्प फिरवून नळी दूर केली.

ब्रेकची नळी पुरेशी लांब होती. स्प्रिंग उतरवताना योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि रिझर्व्हॉयर उघडण्याआधी नायट्रोजन सोडणे, या दोन गोष्टींत घाई केलेली आम्ही खपवून घेत नाही. दाबलेली स्प्रिंग आणि २०० पीएसआयचे टोपण दोन्ही माणसाला जायबंदी करू शकतात.

चाचणी आणि आमची चूक

शॉकच्या दांड्यांवर एकेक रबरी कडे सरकवले, म्हणजे फेरीनंतर शॉक जास्तीत जास्त किती दबला ते दिसते. शॉकचा विरोध कमी-जास्त करणाऱ्या खुंट्यांच्या क्लिकची गणना नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून, हलक्या हाताने बंद करून, उघडण्याच्या दिशेने केली आणि वहीत लिहिली. एका फेरीत एकच बदल.

पहिली फेरी दोघांसह झाली. गाडी एकट्या खड्ड्यांवर उत्तम होती, पण लागोपाठच्या लाटांसारख्या उंचवट्यांवर पाचव्या-सहाव्या उंचवट्यापासून मागची बाजू खाली खाली जात होती. रबरी कडे तळाजवळ होते, जरी मोठा धक्का एकही बसला नव्हता. हे रिबाउंड जास्त घट्ट असल्याचे ठरलेले लक्षण आहे: दोन उंचवट्यांच्या मधल्या क्षणात शॉकला पुन्हा उघडायला वेळ मिळत नाही आणि तो प्रत्येक वेळी थोडा जास्त दबलेला राहतो. आम्ही कार्यशाळेत गाडी हाताने दाबून, ती एकदाच उठून थांबावी अशा बेताने, रिबाउंड ८ क्लिकवर ठेवले होते. हाताने दाबून मिळणारा वेग आणि लाटांवरचा वेग यांची तुलनाच नाही. १२ क्लिकवर गाडी सरळ झाली. १४ वर पुन्हा किंचित उसळी येऊ लागली, म्हणून १२ च कायम केले.

दुसरी चूक अधिक बोचरी होती, कारण ती निव्वळ आळसाची होती. क्रॉसओव्हर रिंग टेंडर स्प्रिंगचे काम कुठे संपायचे ते ठरवते. स्प्रिंगांमधला सरकता तुकडा त्या रिंगेला टेकला की फक्त मुख्य स्प्रिंग उरते. आमच्या जोडीत माप १८० वरून एकदम ४५० वर, म्हणजे अडीचपट जाते. दोघे बसलेले असताना तुकडा आणि रिंग यांच्यात १ इंच फट ठेवली. टेंडर एकूण दबण्यातला ६० टक्के भाग उचलते, म्हणून ही फट शॉकच्या पुढच्या १.६७ इंच प्रवासात संपते. दोघांसाठी ते बरे होते. चौघांना घेऊन तीच फेरी केली, तेव्हा प्रत्येक बारक्या दगडावर मागून टणक ठोका बसू लागला आणि मागच्या आसनावरच्यांनी जुनीच गाडी बरी होती असे सांगितले.

हिशेब कागदावरच होता, तो चौघांसाठी कुणी मांडला नव्हता. दोघांसह गाडी ३.२ इंचांवर बसते, म्हणजे रिंग ४.९ इंचांवर टेकणार. चौघांसह गाडी ४.५ इंचांवरच बसलेली. मधे उरले शॉकचे जेमतेम एक-तृतीयांश इंच, म्हणजे चाकाचे सुमारे १४ मिमी. चौघांची गाडी जवळजवळ सतत मुख्य स्प्रिंगवरच चालत होती. रिंग वर नेऊन फट २ इंच केली. आता ती ६.५ इंचांवर टेकते आणि चौघांनाही शॉकचे २ इंच मऊ चालीला मिळतात. अट पाळून २९ किलो सामान खाली ठेवले, तर थोडे जास्तच. ठोका गेला. मोठ्या उडीत तळाला आपटू नये म्हणून जलद वेगाचे कॉम्प्रेशन (शॉक दबतानाचा विरोध) दोन क्लिक घट्ट करावे लागले. इथे वेग म्हणजे दांड्याचा वेग. गाडी सावकाश चाललेली असतानाही दगडावर चढणारे चाक दांडा झपाट्याने आत ढकलू शकते, हे मालकाला समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्याच १२ किलोमीटरच्या फेरीनंतर, दोघांसह, मागच्या शॉकचे तापमान ७१ अंश आले. अर्ध्या तासाची फेरी तासाभरापर्यंत वाढवली, तरी मागची बाजू सैल झाली नाही.

नंतरची स्थिती

पन्नास तासांच्या वापरानंतर मागचे शॉक पुन्हा उघडले. तेल काळपट झाले होते, पण जळका वास नव्हता आणि पिस्टनवर धातूचा चुरा नव्हता. सील कोरडे होते. पुढच्या डाव्या शॉकमध्ये मात्र नायट्रोजनचा दाब बराच उतरलेला आढळला. रिझर्व्हॉयरचे भरण्याचे टोपण आम्हीच नीट बसवलेले नव्हते.

एक तक्रार राहिली आहे. मालक एकटा, डबा आणि जादा चाक घरी ठेवून निघतो, तेव्हा बारीक खड्यांच्या रस्त्यावर मागची बाजू त्याला अजूनही थोडी ताठ वाटते. दोघांच्या भाराला धरून निवडलेल्या स्प्रिंगांचा हा सरळ परिणाम आहे. अशा दिवशी तो मंद वेगाचे कॉम्प्रेशन चार क्लिक उघडतो आणि परतल्यावर पुन्हा बंद करतो. वहीचे शेवटचे पान त्याने स्वतःच्या अक्षरात याच आकड्यांनी भरले आहे.